जोयड्याच्या मुलांनी मेडिकलसाठी कुठे अर्ज करावा? राज्यांचे नियम, दाखले आणि पसंतीची यादी

बारावी सायन्सचे वर्ष सुरू झाले की आपल्या समाजातील पालक मंडळाकडे एकच प्रश्न घेऊन येतात: "कुठले मेडिकल कॉलेज चांगले?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की कुठले राज्य आपल्या मुलाला आपला मानते? जोयडा तालुका कर्नाटकात आहे, गोव्याची हद्द शेजारी आहे, घरची भाषा मराठी किंवा कोकणी आहे आणि नातेवाईक बेळगाव, फोंडा, मडगाव, कोल्हापूर असे पसरलेले आहेत. त्यामुळे तिन्ही राज्यांत आपला हक्क आहे असे वाटते. प्रवेशाच्या नियमांत मात्र तसे नाही. आपले मूल एका राज्यात घरचे ठरते, बाकीच्या ठिकाणी परराज्याचे. म्हणून आधी पात्रता आणि मग कॉलेज, या क्रमाने आम्ही ही माहिती दिली आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे कुणालाही चुकत नाही.

थोडी पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. तेव्हा डॉक्टर व्हायचे तर मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५) किंवा पुण्याचे बी. जे. मेडिकल कॉलेज (१९४६) ही आपल्याच राज्यातली कॉलेजे होती. पुनर्रचनेनंतर ती परराज्यातली झाली. १९५७ मध्ये हुबळीला मेडिकल कॉलेज निघाले, १९६३ मध्ये बेळगावला जेएनएमसी सुरू झाले. आपल्या जिल्ह्यात, कारवारला, सरकारी मेडिकल कॉलेज येण्यास २०१३ साल उजाडले.

मेडिकल प्रवेशात 'आपला' आणि 'परका' हा भेद किती चालावा, हा वाद जुना आहे. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्याने सगळ्याच जागा आपल्या रहिवाशांसाठी ठेवणे घटनेत बसत नाही. त्यातूनच पुढे सरकारी कॉलेजांतील १५ टक्के एमबीबीएस जागा देशभरच्या मुलांसाठी खुल्या झाल्या. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्ये आपापल्या नियमांनी भरतात. आपल्या मुलांचे बहुतेक भवितव्य या ८५ टक्क्यांत कुठे बसता येते यावर ठरते.

नीटचा फॉर्म: भाषा आणि केंद्र

एमबीबीएस, बीडीएस आणि आयुष अभ्यासक्रमांसाठी नीट-यूजी ही एकच परीक्षा आहे. एकूण गुण ७२०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के गुण लागतात.

नीट मराठीतूनही देता येते आणि कन्नडमधूनही. पण मराठीची प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते आणि कन्नडची कर्नाटकातील केंद्रांवरच. म्हणजे जोयड्याच्या मुलाला मराठीतून परीक्षा द्यायची असेल, तर त्याने केंद्राचे शहर महाराष्ट्रातले निवडले पाहिजे. हुबळी, बेळगाव किंवा कारवारचे केंद्र घेतले तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड एवढेच पर्याय राहतात. हे फॉर्म भरतानाच ठरते, नंतर परीक्षेच्या दिवशी काही करता येत नाही.

प्रादेशिक भाषेच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न त्या भाषेत आणि इंग्रजीत असे दोन्ही छापलेले असतात, आणि अर्थात फरक पडल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. पुढचे सगळे शिक्षणही इंग्रजीतून. त्यामुळे शाळा मराठी असो वा कन्नड, शास्त्रीय शब्द आठवी-नववीपासून इंग्रजीतही पाठ असलेले बरे.

कर्नाटक: आपला मुख्य दरवाजा

कर्नाटकातील राज्य कोट्याचे प्रवेश बंगळूरच्या कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत, म्हणजे केईएमार्फत होतात. नीटचा फॉर्म भरला म्हणजे केईएचाही झाला असे नाही. तिथे वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत वेगळी असते.

मुख्य अट अशी: पहिली ते बारावी या काळात मुलाने किमान ७ वर्षे कर्नाटकातील सरकारी वा मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिकलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण केलेली असावी. दोन्ही गोष्टी लागतात. आईवडिलांपैकी एकाचे शिक्षण कर्नाटकात झाले असेल आणि मुलाने अकरावी-बारावी इथे केली असेल, तर त्यासाठी वेगळे कलम आहे. इथे मातृभाषा कोणती हे विचारत नाहीत. मराठी माध्यमात शिकलेले मूलही या अटीत पूर्ण बसते.

ग्रामीण आरक्षण: पहिली ते दहावी अशी पूर्ण १० वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढलेल्या मुलांसाठी १५ टक्के जागा असतात. शाळा ज्या गावात आहे ते गाव पाहतात, घर कुठे आहे ते नव्हे. जोयडा, रामनगर, कॅसलरॉक, कुंभारवाडा इथल्या शाळा ग्रामीण आहेत. दांडेली, हल्याळ किंवा कारवार शहरातील शाळेत दोन-तीन वर्षे काढली तरी १० वर्षांचा हिशेब तुटतो. शाळा बदलू नका असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या शिक्षणासाठी बदलावी लागली तर बदलावी, पण काय सोडतो आहोत हे माहीत असावे.

कन्नड माध्यम: पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांना ५ टक्के आरक्षण आहे. आपल्यातली बरीच मुले घरी मराठी-कोकणी बोलतात आणि शाळा कन्नड शिकतात. हा हक्क माध्यमाचा आहे, मातृभाषेचा नाही, म्हणून त्यांनी तो जरूर मागावा.

कलम ३७१ (जे): बिदर, कलबुर्गीकडचे नातेवाईक या आरक्षणाविषयी सांगतात. ते कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांसाठी आहे. उत्तर कन्नड त्यात येत नाही.

सरकारी कॉलेजांपैकी आपल्याला जवळची कारवार, हुबळी आणि बेळगावची. हुबळीचे कॉलेज आता केएमसीआरआय झाले आहे, लोक अजून किम्सच म्हणतात. इथे वर्षाची फी लाखाच्या आत असते. खासगी कॉलेजांतही साधारण ४० टक्के जागा सरकारी कोट्यातून भरतात. अल्पसंख्याक संस्थांत हे प्रमाण कमी असते. या जागांची फी सरकारी कॉलेजापेक्षा जास्त, पण खासगी कोट्यापेक्षा कितीतरी कमी. त्याच कॉलेजची खासगी जागा आणि सरकारी कोट्याची जागा यांत वर्षाला लाखो रुपयांचा फरक पडतो. पर्याय भरताना कॉलेजच्या नावाबरोबर जागेचा प्रकारही वाचावा.

अखिल भारतीय जागा: सगळ्यांना सारखे

दिल्लीची एमसीसी ही समिती सरकारी कॉलेजांतील १५ टक्के जागा, एम्स, जिपमर आणि सर्व अभिमत विद्यापीठांच्या जागा भरते. यात रहिवासाचा प्रश्न सहसा येत नाही. गोवा मेडिकल कॉलेज किंवा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज सरकारी कॉलेज हवे असेल, तर जोयड्याच्या मुलासाठी सरळ रस्ता हाच. मात्र या जागांना राज्य कोट्यापेक्षा बहुधा जास्त गुण लागतात.

२०२१ पासून या १५ टक्क्यांत ओबीसींना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण लागू झाले. इथे केंद्राच्या ओबीसी यादीचा दाखला लागतो. कर्नाटकचा २ए किंवा ३बी चा दाखला चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी पाहावे आणि असल्यास केंद्रीय नमुन्यातला वेगळा दाखला तहसीलदार कार्यालयातून घ्यावा.

अभिमत विद्यापीठांत बेळगावचे जेएनएमसी, कोल्हापूरचे डी. वाय. पाटील, कराडचे कृष्णा अशी आपल्या ओळखीची नावे येतात. नाव जवळचे वाटले तरी यांपैकी बऱ्याच ठिकाणी फी वर्षाला २० लाखांच्या आसपास किंवा वर असते. नोंदणीलाच अलीकडच्या वर्षांत २ लाख रुपये अनामत लागते. फी झेपणार नसेल तर ही नावे यादीत घालू नयेत.

महाराष्ट्र: सीमाभागाच्या जागा

महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी तिथला अधिवास दाखला आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून, ही साधारण अट आहे. जोयड्यात शिकलेले मूल त्यात बसत नाही. खासगी कॉलेजांतील संस्थात्मक कोटा परराज्यातील मुलांना खुला असतो, पण त्याची फी मोठी.

एक अपवाद मात्र आपल्यासाठीच आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशात मोजक्या जागा राखून ठेवतात. माहितीपुस्तिकेत हा गट 'एमकेबी' या आद्याक्षरांनी दिलेला असतो. कारवार, हल्याळ आणि सुपा या तालुक्यांतील गावे त्या यादीत आहेत. सुपा म्हणजे आजचा जोयडाच. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपे बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि नाव बदलले. यादी जुनी असल्यामुळे त्यात 'जोयडा' शोधणाऱ्याला काही सापडत नाही. 'सुपा' पाहावे आणि आपल्या महसुली गावाचे नाव त्यात आहे का ते तपासावे.

यासाठी दोन गोष्टींचे दाखले लागतात: गाव वादग्रस्त भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. शाळेच्या रजिस्टरात मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले आहे ते इथे महत्त्वाचे ठरते. आपल्याकडे कोकणी बोलणारी घरेही पुष्कळ आहेत. जे खरे ते पहिलीत नाव घालताना नीट लिहून घ्यावे. बारावीनंतर जागेसाठी रजिस्टर बदलायला जाऊ नये, ते टिकत नाही. जागा थोड्या आणि दावेदार संपूर्ण सीमाभागातले, म्हणून ही संधी यादीत ठेवावी पण तिच्यावर विसंबून कर्नाटकची नोंदणी चुकवू नये.

गोवा: जवळ आहे, पण आपले नाही

पणजीजवळच्या बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आपल्या लोकांना परके वाटत नाही. आजारपणात आपण तिथे जातो. १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपासून चालत आलेली ही संस्था आहे. पण उपचाराला दार उघडे असणे वेगळे आणि प्रवेशाला वेगळे. राज्य कोट्यासाठी गोव्यात ठरावीक वर्षांचे वास्तव्य आणि शिक्षण लागते.

इथे आपल्या घरांतून घडणारी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. समजा, एका मुलीने पहिली ते सातवी जोयड्यात केली आणि आठवीपासून मामाकडे फोंड्याला राहून बारावी पूर्ण केली. कर्नाटकची ७ वर्षे भरली, पण दहावी आणि बारावी दोन्ही गोव्यातून झाल्या, म्हणून कर्नाटकच्या मुख्य कलमात ती बसत नाही. गोव्याची वास्तव्याची अट भरत नसेल तर तिथेही नाही. हुशार मुलगी दोन्ही राज्यांत परकी ठरते आणि तिच्यापुढे फक्त अखिल भारतीय जागा उरतात. तिने दहावी गोव्यात करून अकरावी-बारावी कर्नाटकात केली असती, किंवा उलट, तर कर्नाटकचा हक्क राहिला असता. म्हणून मुलांना शिक्षणासाठी हद्दीपलीकडे पाठवायचे असेल, तर हा हिशेब आठवीच्या आधी मांडावा.

जातीचा दाखला हद्द ओलांडत नाही

एका राज्याचा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या कोट्यात चालत नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केले, आणि तो खटलाही मेडिकल प्रवेशाचाच होता. आंध्रात जन्मलेला, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईला आलेला मुलगा आदिवासी म्हणून मुंबईच्या कॉलेजात जागा मागत होता. त्याची जमात महाराष्ट्रात त्या यादीत नव्हती, आणि त्याला ती जागा मिळाली नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. जोयड्यातील कुणबी समाजाला तो नाही, त्यासाठीची मागणी जुनी आहे. घाटाच्या दोन बाजूंना राहणारी एकाच नात्यातली दोन मुले प्रवेशाच्या रांगेत वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहतात. उत्तर कन्नडमधील सिद्दी समाजाला २००३ पासून अनुसूचित जमातीत घेतले आहे. त्या मुलांना कर्नाटकच्या कोट्यात आणि अखिल भारतीय जागांतही या हक्काचा उपयोग होतो.

परदेशी कॉलेजांचा विचार करताना

एजंटांच्या जाहिराती आता आपल्या गावांपर्यंत पोचल्या आहेत. परदेशात जाणाऱ्यालाही नीट पात्र असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झालेली हवी, आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. परत आल्यावर इथली चाळणी परीक्षा आणि आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप असते. आयोग परदेशी कॉलेजांची 'मान्यताप्राप्त यादी' काढत नाही. त्यामुळे "आमचे कॉलेज एनएमसी मान्य आहे" असे कुणी सांगितले, तर वरच्या अटी एकेक करून लेखी विचाराव्यात. पैसे देण्यापूर्वी विचाराव्यात, नंतर नव्हे.

पसंतीची यादी कशी भरावी

पात्रता ठरली की मग कॉलेजांची यादी. आमचा सल्ला असा:

१. मागील दोन-तीन वर्षांत आपल्या गटात कुठल्या रँकपर्यंत कुठले कॉलेज मिळाले ते केईए आणि एमसीसीच्या निकालांत पाहावे. गुण पाहू नयेत, रँक पाहावी. परीक्षा सोपी-अवघड झाली की गुण हलतात.

२. क्रम खऱ्या आवडीने लावावा. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. वरचे मिळाले नाही तर यंत्रणा पुढच्याकडे जाते.

३. यादी खाली लांब असावी. जवळची दोन-तीन कॉलेजे लिहून थांबणाऱ्याला गदग, हावेरी, कोप्पळ, रायचूरची सरकारी जागा मिळण्यासारखी असूनही हातून जाते. पाच वर्षांचे अंतर सोसता येते, पाच वर्षांची खासगी फी प्रत्येकाला सोसत नाही.

४. जिथे जाणारच नाही किंवा फी भरता येणार नाही ते कॉलेज लिहू नये. सुरुवातीच्या फेरीत जागा सोडता येते, पुढे अनामत जाते आणि शेवटच्या फेरीतली जागा नाकारली तर प्रक्रियेतूनच बाद होण्याची वेळ येते.

५. कॉलेजच्या रुग्णालयाकडे पाहावे. शिकणारा डॉक्टर रुग्णांच्या खाटेजवळ तयार होतो. जुन्या, गर्दीच्या सरकारी रुग्णालयाची इमारत साधी असली तरी तिथे हात लवकर तयार होतो.

६. ग्रामीण सेवेचे बंधपत्र वाचून सही करावी. कर्नाटकात याविषयीचा कायदा २०१२ चा असून त्यात पुढे बदल झाले आहेत. आपल्या तालुक्याला डॉक्टरांची किती गरज आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको. ही सेवा दंड समजू नये.

कोणत्या वयात कोणते कागद

पहिलीत: जन्मदाखला, शाळेतले नाव आणि आधारवरचे नाव एकच असावे. एका कागदावर वडिलांचे नाव आणि आडनाव, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरे, तिसऱ्यावर गावाचे नाव, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे. तो लहानपणीच मिटवावा.

सातवीत: पुढची शाळा कुठे, हे ठरवताना ७ वर्षांचा, १० वर्षांचा आणि दहावी-बारावीचा हिशेब मांडावा.

दहावीनंतर: प्रत्येक शाळेकडून इयत्तावार शिक्षणाचा दाखला घ्यावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिसही घ्यावी. ग्रामीण आणि कन्नड माध्यमासाठी वेगळे नमुने असतात. शाळा बंद पडली वा विलीन झाली असेल तर रजिस्टर कुठे आहे ते आधी शोधून ठेवावे.

अकरावीत: आरडी नंबर असलेला जात व उत्पन्नाचा दाखला, केंद्रीय नमुन्यातला ओबीसी दाखला, सीमाभागाचे दाखले यांची तयारी करावी.

बारावीत: नीट, केईए, एमसीसी आणि लागू असल्यास महाराष्ट्र, या चार नोंदण्यांच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, आणि पर्याय भरण्याच्या फेऱ्या नेमक्या त्याच दिवसांत येतात. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. जमल्यास दांडेली किंवा हुबळीला नातेवाइकांकडे बसून फॉर्म पुरा करावा.

शेवटी एक गोष्ट निक्षून सांगतो. गोव्याचा किंवा महाराष्ट्राचा खोटा रहिवासी दाखला 'करून देणारे' लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. दाखला खोटा ठरला तर प्रवेश कधीही, अगदी तिसऱ्या-चौथ्या वर्षीही, रद्द होऊ शकतो आणि मुलावर गुन्हा दाखल होतो. कर्नाटकात आपल्या मुलांचा हक्क खरा आहे आणि पुरेसा मोठा आहे. सीमाभागाच्या जागा आणि अखिल भारतीय जागा ही त्याला जोड आहे. ज्या घरात मूल आज पाचवी-सहावीत आहे, त्यांनी हे कागद आजच एकदा काढून पाहावेत.